मोटारीची नाडीपरीक्षा : खरी साधने आणि खोटी साधने

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. इतिहास, साहित्य आणि अर्थकारण यांच्या पंगतीत मोटारीच्या केबलीला पान कोणी मांडले, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मोटार ही आता मोजक्या धनिकांची चैन राहिलेली नाही. ती मध्यमवर्गीय घरातही आली आणि आपल्याबरोबर एक नवी चिंता घेऊन आली. समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की घरच्या कर्त्या माणसाच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. गाडी वाटेत बंद पडेल काय, ही पहिली. आणि गॅरेजवाला जे सांगेल ते खरे कशावरून, ही दुसरी. या दुसऱ्या शंकेपोटी पुष्कळ लोक पाचशे-हजार रुपयांची एक डबी मागवितात, ती मोबाइलला जोडतात आणि स्वतःच गाडीची नाडी पाहू लागतात. ही हौस चांगलीच आहे. पण नाडी पाहणारा वैद्यच तोतया निघाला तर काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

नाडी कोठे लागते

जुन्या मोटारीचा बिघाड कानाने आणि नाकाने ओळखावा लागे. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐके, धुराचा रंग पाही, स्पार्क प्लग काढून त्यावरची काजळी तपाशी. पुढे इंधन आणि ठिणगी यांचा कारभार एका छोट्या संगणकाकडे गेला. त्यास ई.सी.यू. म्हणतात. मोटारींच्या धुराने हवा बिघडते म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या मोटारींपासून असा नियम लागू केला की, या संगणकाने इंजिनाचे दोष आपणच ओळखावे आणि दिवा लावून चालकास कळवावे. ही ओ.बी.डी. पद्धतीची सुरुवात. तेव्हा प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी आणि भाषाही निराळी होती. १९९६ सालच्या मोटारींपासून अमेरिकेत सर्वांना एकच जोडणी आणि एकच मूळ परिभाषा सक्तीची झाली. युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना २००१ पासून असाच नियम लागला. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांत २०१० मध्ये याचा पहिला टप्पा आला आणि २०१३ मध्ये दुसरा.

ही जोडणी बहुधा स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते. आठ-आठांच्या दोन ओळींत सोळा जागा. त्यांतील चौथी आणि पाचवी अर्थिंगची. सहावी आणि चौदावी या जोडीवरून आजच्या गाड्यांतील संगणक परस्परांशी बोलतात. या बोलण्याच्या पद्धतीस कॅन असे नाव आहे. सातव्या जागेवरून जुन्या गाड्यांची एकतारी बोली चाले. सोळाव्या जागेवर बॅटरीचा प्रवाह, आणि तो किल्ली काढल्यावरही चालूच. म्हणून जोडलेली डबी तशीच विसरून दोन आठवडे गावाला गेलेल्या गृहस्थास परत आल्यावर बॅटरी उतरलेली आढळली, तर त्यात नवल नाही.

या जोडणीतून जी उत्तरे येतात त्यांना दोषांक म्हणू या. एक अक्षर आणि चार आकडे अशी त्यांची रचना असते. पी हे अक्षर इंजिन आणि गिअर यांचे, सी ब्रेक व चाकांकडील यंत्रणेचे, बी बॉडीचे आणि यू संगणकांच्या आपसातील बोलण्याचे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलाच्या मानाने हवा अधिक होत आहे. पी ०३०० म्हणजे इंधनाचे ज्वलन कोठे ना कोठे चुकत आहे. पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपेक्षेपेक्षा कमी काम करीत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. दोषांक ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. पी ०१७१ दिसला म्हणजे एखादी रबरी नळी फाटली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा पेट्रोलचा पंप अशक्त झाला असेल. पी ०४२० दिसताच महागडे कन्व्हर्टर बदलून टाकणारे लोक आहेत. दोष मात्र पुष्कळदा धुराच्या नळीतील भेगेचा किंवा एखाद्या सेन्सरचा असतो.

गप्प बसणारा वैद्य

बाजारात दोन जातींची साधने मिळतात. पहिली सर्वसाधारण. कायद्याने ठरवून दिलेली परिभाषा तेवढी तिला कळते, आणि ती परिभाषा मुख्यतः इंजिन व धूर यांच्यापुरती आहे. दुसरी जात विशिष्ट कंपनीच्या गाड्यांसाठी असते. ब्रेकची ए.बी.एस. यंत्रणा, एअरबॅग, दरवाजे, वातानुकूलन या सर्वांच्या संगणकांशी तिला त्यांच्या घरच्या भाषेत बोलता येते.

आमच्या मते खरा धोका येथेच आहे. एअरबॅगचा दिवा लागला आहे. गृहस्थाने साधी डबी लावली आणि मोबाइलवर ‘दोष नाही’ असे वाचले. त्याला हायसे वाटले. वास्तविक त्या डबीने एअरबॅगच्या संगणकास प्रश्न विचारलेलाच नव्हता. वैद्य गप्प बसला आणि रोग्याने त्याचा अर्थ ‘प्रकृती ठणठणीत’ असा घेतला. पैसे वाया गेले तर पुन्हा मिळविता येतात. पण अपघाताच्या वेळी न फुगलेल्या एअरबॅगची भरपाई कशाने करणार? तेव्हा साधन घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. आमच्या गाडीतील कोणकोणत्या संगणकांशी हे बोलते, हा असावा.

तोतयांची कुळकथा

आता या स्वस्त डब्यांचे मूळ पाहू. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने २००५ मध्ये ई.एल.एम. ३२७ नावाची चिप विक्रीस आणली. मोटारीच्या निरनिराळ्या बोली समजून घेऊन त्या संगणकास सोप्या शब्दांत सांगणारा हा दुभाषी होता. तिच्या पहिल्या आवृत्तीतील आज्ञावलीस नकलेपासून संरक्षण नव्हते. ती उतरवून घेतली गेली आणि नकलांचा महापूर आला. मूळ कंपनीने २०२२ मध्ये व्यवसाय आटोपला, पण तिच्या नावाच्या डब्या आजही ढिगांनी विकल्या जातात.

या नकलांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांपैकी कित्येकांवर आवृत्ती १.५ असे छापलेले असते. मूळ कंपनीने १.४ नंतर एकदम २.० काढली, १.५ ही आवृत्ती तिने कधी विकलीच नाही! बारशाआधीच पत्रिका तयार, असा हा प्रकार. दुसऱ्या कित्येकांवर २.१ असा आकडा असतो, परंतु त्याहून जुन्या आवृत्तीच्या आज्ञाही त्यांना कळत नाहीत. डबीला एकामागून एक आज्ञा देऊन कोणत्या आज्ञेला उत्तर आले नाही याची यादी दाखविणारे फुकट कार्यक्रम मोबाइलसाठी मिळतात. सोनाराच्या कसोटीच्या दगडाचे काम ते करतात.

केबलीची कथाही अशीच. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील एफ.टी.डी.आय. ही कंपनी केबलीच्या संगणकाकडील टोकास लागणारी चिप बनविते. तिच्या नावाच्या बनावट चिपा इतक्या पसरल्या की, २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून तिचा नवा ड्रायव्हर आला आणि त्याने बनावट चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. लोकांच्या चालू केबली एका दिवसात संगणकास अनोळखी झाल्या. मोठा गवगवा झाला आणि तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. कंपनीची कृती योग्य होती की नाही, यावर दोन मते आहेत. शिक्षा मात्र नकल करणाऱ्यास न होता बिचाऱ्या ग्राहकास झाली, एवढे निश्चित.

यावरून अस्सल कशाला म्हणावे हेही ठरविता येते. दुसऱ्या एखाद्या कारखान्याने आपल्याच नावाने स्वस्त चिप काढली, तर ती खोटी नव्हे. ती केवळ दुसरी. खोटी ती, जी दुसऱ्याचे नाव लावून येते. कारण बिघाड झाल्यास जबाब देण्यास तिच्यामागे कोणी उभे नसते.

एका गाडीचे उदाहरण

आपल्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फोक्सवॅगन पोलो घ्या. या घराण्याच्या गाड्यांसाठी अमेरिकेतील रॉस-टेक कंपनीचे व्ही.सी.डी.एस. हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. ते कंपनीच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते. त्याचा परवाना कागदावर नसून केबलीतच असतो. अस्सल केबल लावली की सॉफ्टवेअर पूर्णपणे कामास लागते. घरगुती मालकासाठी ठरावीक संख्येच्या गाड्यांपुरती केबल निराळी आणि गॅरेजसाठी निराळी अशी सोयही आहे.

याची नकली केबल पुष्कळ कमी किमतीस मिळते. तिच्याबरोबर विक्रेता बजावतो की, हे सॉफ्टवेअर कधीही अद्ययावत करू नका आणि चालविताना इंटरनेट बंद ठेवा. कधी कधी संगणकाचा विषाणूप्रतिबंधक कार्यक्रमही बंद करावयास सांगतात. ज्या पाहुण्याला घरात घेण्यापूर्वी रखवालदारास सुट्टी द्यावी लागते, तो पाहुणा कसला असेल हे आम्ही सांगावयास नको. ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच संगणकात हे कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर ठेवणे म्हणजे गॅरेजचे चार पैसे वाचविण्यासाठी घराची तिजोरी उघडी टाकणे होय.

घेण्यापूर्वी काय पाहावे

सर्वप्रथम आपले काम ठरवावे. केवळ इंजिनाचा दोषांक वाचावयाचा असेल, तर स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपनीचे साधे साधनही पुरते. ब्रेक किंवा एअरबॅग पाहावयाची असेल, तर आपल्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनविलेले साधन घ्यावे. फोर्डच्या काही गाड्यांत तिसऱ्या व अकराव्या जागेवर दुसरी कॅन जोडी असते. साध्या डबीला ती दिसतच नाही. आयफोन वापरणाऱ्यांनी ब्लूटूथची डबी आपल्या फोनशी जुळते काय, हे आधी विचारावे. जुन्या पद्धतीच्या पुष्कळशा डब्या त्याच्याशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची किंवा पसंतीच्या साधनांची नावे देते. ती यादी पाहून मगच पैसे द्यावे. पावती घ्यावी आणि अद्ययावत सॉफ्टवेअर चालेल काय, हा प्रश्न स्पष्ट विचारावा. या एका प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर दुकानातून परत फिरावे.

साधन हाती आल्यावर वाचणे आणि लिहिणे यांतील भेद विसरू नये. दोषांक वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. पुसण्यापूर्वी मात्र तो वहीत उतरवून घ्यावा. कारण दोषांक पुसताना, दोष उद्भवला त्या क्षणाची टिपलेली माहितीही पुसली जाते आणि मिस्त्रीच्या हातचा पुरावा जातो. गाडीच्या संगणकात नवे काही लिहावयाचे असेल, तर अस्सल साधनावाचून त्या वाटेस जाऊ नये. लिहिता लिहिता केबल दगावली किंवा बॅटरी खाली गेली, तर तो संगणक कायमचा मुका होऊ शकतो. आणि पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर मोबाइल काढण्याऐवजी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी. त्या वेळी न जळलेले इंधन कन्व्हर्टरपर्यंत पोचून ते जाळीत असते.

मिस्त्रीवर अविश्वास दाखवावा, असे आम्ही सुचवीत नाही. चांगल्या मिस्त्रीची तीस वर्षांची बोटे कोणत्याही केबलीहून शहाणी असतात. पण दोषांक लिहिलेला कागद घेऊन गेलेला मालक आणि ‘काहीतरी दिवा लागतो’ म्हणणारा मालक यांच्याशी होणारे बोलणे एकसारखे नसते. पहिल्याशी चर्चा होते, दुसऱ्यास बिल मिळते. तो कागद खरा असावा म्हणूनच साधन खरे हवे. ज्याला काहीच माहीत नाही तो निदान विचारतो तरी. ज्याला खोट्या डबीने चुकीचे सांगितले आहे तो विचारीतही नाही आणि बायकामुलांना घेऊन निर्धास्तपणे घाट उतरू लागतो. श्रोत्यांपैकी कोणावर ही पाळी येऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.