सहाव्या वर्षी येणारी दाढ पडत नाही

मागे दर्यापूर तालुक्यात पूर्णाकाठच्या एका गावात गटाची बैठक होती. एका ताईची सात वर्षांची लेक एकाच बाजूने भाकर चावत होती. तोंड उघडून पाहिलं, तर मागची दाढ पिवळी अन् कडेने तुटलेली. ताई म्हणाली, "दुधाचीच आहे ना वं, पडते आपोआप."

नाही पडत. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, जी दाढ येते ती कायमची असते. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचाला इनॅमल म्हणतात. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग कॅल्शियम-फॉस्फेटसारख्या खनिजांचा असतो. पण हे कवच एकदम कडक होत नाही. आधी साचा तयार होतो, मग त्यात खनिज भरत जातं. ज्वारीचं कणीस आठवा. दाणा भरायच्या वेळी पाण्याचा ताण बसला, तर दाणा पोचट राहतो. दाढेचंही तसंच. सहाव्या वर्षी दिसणाऱ्या दाढेचं कवच जन्मापासून पहिल्या तीनेक वर्षांत भरतं. त्या काळात बाळाचं मोठं आजारपण किंवा पाण्यातलं जास्त फ्लोराइड, यांमुळे भरण अपुरं राहू शकतं.

असं कवच आतून सच्छिद्र असतं. पांढऱ्या डागापेक्षा पिवळा-तपकिरी भाग बहुधा जास्त कमजोर असतो. चावताना त्याचे टवके उडतात, थंड पाणी झोंबतं, म्हणून लेकरू ब्रश टाळतं आणि कीड लवकर लागते. कवच बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपून जातात, त्यामुळे तुटलेला भाग पुन्हा उगवत नाही.

आपल्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा खारेपणा जिभेला कळतो. फ्लोराइड मात्र चवीला कळत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या गावांना त्याचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा आणि बोअरचं पाणी तपासून घ्या.

घरी काय करायचं? राख, राखुंडी, विटकरीने दात घासू नका. कमजोर कवच आणखी झिजतं. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्ट थुंकायला लावा. थोडं फ्लोराइड दाताच्या वरून लागलं तर कवच बळकट होतं; दात घडत असताना जास्त पोटात गेलं तर तेच कवच बिघडवतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांना दाढ दाखवा. वेळेत लेप, सिमेंट किंवा टोपी बसवली तर दाढ वाचू शकते.

आज रात्री लेकराला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि शेवटची दाढ पाहा. पुढच्या बैठकीत काय दिसलं ते सांगा.