वळणावर आपल्याला बाहेर कोण ढकलतं?

मुलुंडहून कांजूरमार्गपर्यंत लोकल, तिथून पवईला बस, हा माझा रोजचा रस्ता. लॅबमध्ये मी फिरत्या ड्रममधली वाळू कशी घसरते ते बघते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर डब्यात एक वाक्य सारखं ऐकू यायचं, "वळणावर गाडी बाहेर फेकते." वाळूचं आणि या वाक्याचं गणित एकच आहे, म्हणून आज तेच.

खरं तर गाडी कुणाला फेकत नाही. न्यूटनचा पहिला नियम आठवा. वळते ती गाडी, आपण मात्र सरळच जाऊ पाहतो. गाडीबरोबर वळायचं तर आपल्याला कुणीतरी आत ओढायला हवं. दहावीच्या पुस्तकातलं अभिकेंद्री बल ते हेच. आत उभ्या असलेल्याला ते जमिनीकडून आणि हँडलकडून मिळतं. दारात लटकलेल्याकडे असतात फक्त पायाची बोटं आणि दांडा धरलेला हात.

आता आकडे घालून बघू. समजा वेग ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, आणि वळणाची त्रिज्या ४०० मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २२५ ÷ ४०० = ०.५६ इतकं त्वरण. ६० किलोच्या माणसाला लागणारं बल सुमारे ३४ न्यूटन, म्हणजे साडेतीन किलोची पिशवी उचलण्याइतकं. बस, एवढंच? मला वाटलं, चुकलंच काहीतरी. पुन्हा केलं, तेच आलं.

गोम वेगळीच आहे. लटकलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य पायांच्या बाहेर असतो, २० सेंमी धरू. म्हणजे गाडी सरळ जात असतानाही त्याचं ६०० न्यूटन वजन त्याला दाराच्या कडेभोवती बाहेर कलंडवत असतं. दांडा पायांपासून दीड मीटर उंच असेल, तर हाताला सतत ६०० × ०.२ ÷ १.५ = ८० न्यूटन ओढावं लागतं. वळण त्यात २३ न्यूटनची भर घालतं (३४ न्यूटन, एक मीटर उंचीवर). आणि पाठीवर ६ किलोची सॅक असेल, कडेपासून ४५ सेंमी बाहेर, तर आणखी ६० × ०.४५ ÷ १.५ = १८ न्यूटन.

बेरीज १२१. त्यातले ९८ न्यूटन, म्हणजे पाचातले चार भाग, साध्या गुरुत्वाकर्षणाचे! वळण फक्त शेवटचा धक्का देतं, तोही घामेजल्या, दमलेल्या हाताला.

हा हिशेब सपाट रुळांचा. प्रत्यक्षात वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात, म्हणजे गाडी आतल्या बाजूला कलते आणि वळणाचा परिणाम कमी होतो. पण एक कल एकाच वेगाला नेमका बसतो. गाडी त्याहून जोरात गेली तर बाहेरच्या दारातल्यांवर ताण येतो, हळू गेली किंवा थांबली तर आतल्या दारातल्यांवर. शिवाय वेग दुप्पट झाला की लागणारं बल चौपट होतं.

मग करायचं काय? सॅक पुढे घेतली तर ते १८ न्यूटन जवळजवळ शून्य होतात, कारण तिचं वजन पायांच्या वरच येतं. पण कुणी हौसेने लटकत नाही हो. आत पाय ठेवायला जागा नसते आणि लेटमार्क लागणार असतो.

२५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल सुटली. तिच्यात गारव्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते बंद होणारं दार. वळणावर हाताने जे बल द्यायचं, ते तिथे दार देतं. आणि दाराचा हात दमत नाही.