रक्तातली साखर किती दिवसांनी तपासायची?



पालकसभेत अभ्यासाबरोबर घरच्या आजारपणाचाही विषय निघतोच. "आमच्या ह्यांची शुगर मागं एकदा तपासली होती, नॉर्मल होती," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मागं म्हणजे कधी? तर चार-पाच वर्षांपूर्वी, एखाद्या शिबिरात. पहिलीतल्या घटक चाचणीच्या गुणांवर आपण मुलाला पाचवीत जोखत नाही. साखरेचंही तसंच आहे. जुना रिपोर्ट आजचं काही सांगत नाही.

त्रास नसताना कशाला तपासायचं?

मधुमेह सुरुवातीला दुखत नाही. माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो. आतमध्ये मात्र डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा हळूहळू खराब होत राहतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, तर १५.३ टक्क्यांना पूर्वमधुमेह आढळला. म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाची साखर बिघडलेली.

"आम्ही बारीक, आम्हाला कुठली शुगर?"

आपल्या पेठ आणि सातगाव पठार भागात बटाट्याची लागवड-काढणी करणारी काटक माणसं असं हमखास म्हणतात. त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण त्यांच्या अंगातली चरबी मात्र त्या मानानं टिकून होती.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून काट्यावरचं वजन बघून निश्चिंत होऊ नका. कमरेला टेप लावा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर धोका वाढतो.

मग किती दिवसांनी?

१) वय ३० च्या पुढे, काही त्रास नाही: वर्षातून एकदा. सरकारी कार्यक्रमातही हेच ठरलेलं आहे. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात, तेव्हा "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. आई-वडिलांना मधुमेह असेल किंवा पोट सुटलं असेल, तर तिशीची वाट न बघता डॉक्टरांना विचारा.

२) पूर्वमधुमेह: उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४. यांनी वर्षातून एकदा तरी तपासायलाच हवं. डॉक्टरांनी लवकर बोलावलं तर लवकर.

३) मधुमेह आहे: साखर आटोक्यात असेल तर एचबीएवनसी सहा महिन्यांनी, आटोक्यात नसेल किंवा औषध बदललं असेल तर तीन महिन्यांनी. तीनच महिने का? रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. ही तपासणी तीच मोजते. म्हणून ती दर महिन्याला करून फारसं काही हाती लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरच्या मशिनवर कधी आणि किती वेळा बघायचं, ते डॉक्टर सांगतील तसं.

४) गरोदर ताई: पहिल्याच तपासणीला, आणि तेव्हा नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा. गरोदरपणात साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी. बाळाच्या गडबडीत आईची ही तपासणी नेमकी राहून जाते.

५) मुलं: धडधाकट मुलाची उगाच तपासणी नको. पण वर्गातलं एखादं मूल सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, वजन उतरत असेल, मोठं असून अंथरूण ओलं करत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लहान मुलांतला मधुमेह काही दिवसांतच जिवावर बेततो. हे आधी शिक्षकाच्याच नजरेला पडू शकतं.

मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. तळपाय मात्र रोज बघायचे.

रिपोर्ट वाचताना

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही न खाता. पाणी चालतं, चहा नाही. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह समजतात. पण लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर निदान करत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. शिबिरात बोटातून घेतलेलं रक्त ही प्राथमिक चाचणी असते. आकडा जास्त आला तर लॅबमध्ये शिरेतलं रक्त तपासावं लागतं. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा चुकू शकतो, म्हणून तेही डॉक्टरांना सांगा.

आणखी दोन गोष्टी. काही जण तपासणीआधी चार दिवस गोड बंद करतात. ही परीक्षेतली कॉपीच झाली! उपाशीपोटीचा आकडा थोडा खाली दिसेल, पण एचबीएवनसी मागचा तीन महिन्यांचा हिशेब मांडतेच. दुसरं म्हणजे, "नॉर्मल आली" म्हणून गोळी बंद करणं. अहो, ती गोळीमुळंच नॉर्मल आलेली असते! डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

तारीख लक्षात कशी ठेवायची?

१४ नोव्हेंबर आपल्या शाळेत कुणी विसरत नाही, तो बालदिन. इन्सुलिनच्या शोधातले शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मही १४ नोव्हेंबरचाच, १८९१ सालचा. म्हणून तोच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळतात. यंदा त्या दिवशी मुलांना गृहपाठात एकच प्रश्न द्या: "घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची साखर शेवटची कधी तपासली?" तारीख वहीत लिहून आणायची. ज्या रकान्यात तारीख नसेल, त्या घरी आपण बोलायचं.

आणि त्या वहीत पहिली तारीख बाईंची किंवा गुरुजींची असू द्या.