श्वास मोजणे : परिचर्या शिक्षणातील एक दुर्लक्षित पाठ

प्रात्यक्षिक परिचर्येच्या आरंभीच विद्यार्थिनींना तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब ही जीवनचिन्हे शिकविली जातात. तापमानाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, नाडी बोटांना लागते. श्वसनाला मात्र डोळे आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढेच साधन. त्यामुळे तक्त्यांत एकाखाली एक १८, २०, १८ असे आकडे दिसतात. ते पुष्कळदा मोजलेले नसून अंदाजाने भरलेले असतात. ही सवय पहिल्या वर्षी जडली की सुटणे कठीण. वास्तविक रुग्णाची प्रकृती ढासळू लागली म्हणजे अनेकदा सर्वांआधी बदलतो तो श्वासाचाच वेग.

रीत सोपी आहे. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास झाला. नवख्या विद्यार्थिनी त्याचे दोन धरतात. विश्रांतीत असलेल्या प्रौढाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. ‘श्वास मोजते’ असे सांगताच रुग्णाचा श्वास बदलतो, कारण नाडीवर माणसाची हुकमत चालत नाही, श्वासावर काही अंशी चालते. म्हणून नाडी पाहून झाल्यावर मनगट न सोडता, रुग्णाचा हात त्याच्याच छातीवर ठेवून मोजणी करावी. बुरखा, शाल वा चादरीमुळे छाती दिसत नसेल तेथेही हीच युक्ती कामी येते आणि वस्त्र हलवावे लागत नाही. मोजणी पूर्ण एक मिनिट हवी. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर एका श्वासाची चूक चारांची होते.

लहान मुलांत तर या आकड्यावर उपचाराचा निर्णय अवलंबून असतो. खोकला असलेल्या बालकासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जलद श्वासाच्या मर्यादा दिल्या आहेत : दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक. दहा महिन्यांच्या बाळाचे ५२ श्वास अंदाजाने ४० लिहिले गेले, तर न्यूमोनियाची शंका कोणाला येणार? मूल रडत असताना घेतलेला आकडाही निरुपयोगीच.

२०२० च्या करोना साथीत ऑक्सिमीटर अनेक घरांत पोहोचला. परंतु शरीर जोराने श्वास घेऊन ऑक्सिजनची पातळी काही काळ सावरून धरते. तेव्हा यंत्रावर ९७ दिसले तरी श्वास ३० असू शकतात.

शिवाय रुग्ण आकडा सांगत नाही, शब्द सांगतो. सीमाभागातील वॉर्डात ‘धाप लागते’, ‘दम लागतो’, ‘सांस फूलती’ हे सारे कानी पडते. ‘दम’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ श्वास. उर्दूत ‘दम लेना’ व मराठीत ‘दम घेणे’ म्हणजे विसावा. ‘दम लागणे’ आणि ‘दम घुटना’ या मात्र तक्रारी होत. ‘जी घबराता है’ हे तर मनाविषयीही असते, छातीविषयीही. विद्यार्थिनी त्याचे ‘एंग्झायटी’ करून टाकते आणि डॉक्टरांपर्यंत छातीची गोष्ट पोहोचतच नाही. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहून शेजारी मोजलेला आकडा द्यावा. उर्दूतील ‘तीमारदारी’त काळजी वाहण्यावर भर आहे, तर ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थच मुळी ऐकण्याची इच्छा असा आहे.

वर्गात यासाठी वेगळी सामग्री लागत नाही. दोन विद्यार्थिनींनी तिसरीचे श्वास एकाच मिनिटात, एकमेकींना न दाखविता मोजावेत. फरक दोनाहून अधिक आला तर पुन्हा मोजावे. आकड्यापुढे वेळ, रुग्ण बसलेला की आडवा आणि ऑक्सिजन सुरू होता काय, हेही लिहावे.