लवासाला जाईल का? ई-बाईक घेण्याआधीचं खरं गणित

शुक्रवारची संध्याकाळ झाली, की ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, 'उद्या लवासा?' त्यात हल्ली आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, 'ई-बाईक घेतोय, लवासाला जाईल ना रे?' जाईल की! पण त्याच चार्जिंगवर परत येईल का, आणि मुळात तुमची गाडी लवासासाठी हवी की हिंजवडीसाठी, हे आधी ठरवा. लाख-सव्वा लाखाचा आणि दोन-तीन वर्षांच्या ईएमआयचा मामला आहे, बॉस!

नाव एक, गाड्या तीन

'ई-बाईक' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात.

पहिली इलेक्ट्रिक सायकल. पेडल मारा, मोटर हात देते. किंमत साधारण २५ ते ५० हजार. पुण्याच्याच ईमोटोरॅडपासून हीरो लेक्ट्रोपर्यंत बरेच ब्रँड आहेत. घर ते ऑफिस पाच-सात किलोमीटर असेल आणि जिमची फी वाचवायची असेल, तर बेस्ट!

दुसरी 'लो-स्पीड' स्कूटर. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर लायसन्स, रजिस्ट्रेशन काहीच लागत नाही. भाजी आणि क्लाससाठी ठीक. पण विक्रेता डोळा मारून 'लॉक काढून देतो, पन्नासने पळेल' म्हणाला, तर दुकानातून बाहेर पडा. वेग वाढवला की ती कायद्याने मोटर वाहन ठरते. अशा बदल केलेल्या गाड्यांवर राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये कारवाईही केली होती.

तिसरी हिरव्या नंबर प्लेटची पूर्ण ताकदीची गाडी. २०२० च्या जानेवारीत पुण्यात विक्रीला आलेली नवी चेतक, टीव्हीएस आयक्यूब, एथर, ओला, हीरो विडा ही यातली ठळक नावं. मोटरसायकलच हवी असेल तर रिव्होल्टसारखे पर्याय आहेत. बहुतेकांचं बजेट लाख ते दीड लाखाच्या घरात जातं. त्याहून कमी पैशांत, साध्या कामासाठी २०२४ मध्ये आलेली ई-लूना आहे. आई-बाबांना नाव सांगा, चेहरे खुलतील!

रेंजचा फंडा

ब्रोशरवरची रेंज ठरावीक चाचणीत, रोलरवर गाडी पळवून काढलेली असते. आपल्याकडे अशा चाचण्या करणारी एआरएआय चक्क पुण्याच्या टेकडीवर आहे, पण चाचणीत टेकडी नसते! डबलसीट, ट्रॅफिक आणि तुमचा उजवा हात धरला, तर कागदावरच्या आकड्याचे ७० ते ७५ टक्केच हातात येतात असं समजा. म्हणजे १५० सांगितले की धरायचे ११०.

आता लवासा. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, मग मुठा, टेमघर आणि घाट. पुण्यातून जाऊन-येऊन साधारण ११० ते १२० किलोमीटर. घाट दोन्ही वेळा चढायचा, कारण दासवे हे लवासाचं मुख्य गाव डोंगरापलीकडे मोसे नदीच्या खोऱ्यात आहे. दोन माणसांसह २५० किलो वजनाची स्कूटर १०० मीटर उंच चढवायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात ती सपाटीवर तीनेक किलोमीटर गेली असती. उतारावर त्यातली थोडी बॅटरीत परत येते. म्हणजे घाट वाटतो तेवढा खादाड नाही. खरा खादाड वेग! ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात, तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो.

ई-सायकलचं गणित आणखी कडक. २५० वॅटच्या मोटरने एकटीने आठ टक्क्यांचा चढ चढायचं ठरवलं, तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास राहील. दर १०० मीटर चढाला ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा दहावा हिस्सा संपेल. तेव्हा सायकल गाडीच्या कॅरिअरवर टाकून न्या आणि दासवेच्या तलावाकाठी मस्त फिरा.

आणि तिथे चार्जिंग? इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर उभं राहायला निघालेलं हे शहर अर्धवटच राहिलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामुळे चार्जर असेलच असं गृहीत धरू नका. मुक्काम असेल त्या हॉटेलला निघण्याआधी फोन करा आणि पार्किंगजवळ प्लग मिळेल का ते विचारा. रात्रभर साधा प्लग मिळाला तरी काम फत्ते!

पैसे खरे कुठे वाचतात?

वीकेंडला नाही, सोमवार ते शुक्रवार! कोथरूड-हिंजवडी ये-जा साधारण ३० किलोमीटर. ऑफिस आणि एखाद-दुसरा शनिवार धरून महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. ४५ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल स्कूटर १०४ रुपये लिटरच्या दराने सुमारे १,७०० रुपये खाते. इलेक्ट्रिकला अंदाजे २६ युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तरी २६० रुपये. वर्षाला १७ हजारांच्या आसपास बचत! पण तुमचं रोजचं फिरणं आठ-दहा किलोमीटरच असेल, तर ही बचत पाच-सहा हजारांवर येते. मग महागडी मोठी बॅटरी कशाला?

शोरूममध्ये जाताना

- सोसायटीत प्लग मिळेल का? नसेल तर काढून घरात नेता येणारी बॅटरी बघा आणि ती उचलूनही बघा.
- रोजचं अंतर दुप्पट करा. खरी रेंज तेवढी असली की पुरे.
- २०२२ मध्ये काही स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ मानकाबद्दल विचारा, जुना स्टॉक नको.
- वॉरंटीत किती वर्षं, किती किलोमीटर आणि बॅटरीची क्षमता किती उरण्याची हमी, हे लेखी घ्या.
- अनुदानाचे नियम बदलत राहतात. आजची ऑन-रोड किंमतच खरी.
- टेस्ट राइड सपाट रस्त्यावर नको. चांदणी चौकाचा चढ डबलसीट चढून बघा.

थोडक्यात, गाडी रोजच्या रस्त्याच्या मापाची घ्या. वर्षातून तीन-चारदा होणाऱ्या ट्रिपसाठी दरमहा जास्तीचा ईएमआय भरण्यात शहाणपण नाही. पेट्रोलच्या वाचलेल्या पैशांत तेवढे वीकेंड भाड्याच्या गाडीनेही आरामात होतात, वर घाटातली गरमागरम भजी!