पाटीची मागची बाजू

धंद्याची ओळख मालाआधी जागेवरून होते, हे आपल्या दुकानदाराला सांगावे लागत नाही. संगणक क्षेत्रातील बड्या कंपन्याही हे जाणून आहेत.

फेसबुकने 2011 साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे बस्तान हलविले. ही जागा पूर्वी सन मायक्रोसिस्टिम्सची. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला सनच्या संस्थापकांपैकी एक. एके काळी दबदबा असलेली ही कंपनी 2010 मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेली. फेसबुकने फाटकावरची सनची पाटी फेकली नाही; ती उलटवून आपले अंगठ्याचे चिन्ह लावले. मागे सनचे नाव तसेच राहू दिले. गाफील राहाल तर तुमचीही पाटी उलटेल, हा इशारा नोकरवर्गाला रोज दिसावा!

2015 मध्ये शेजारीच फ्रँक गेहरी यांनी आखलेली इमारत उघडली. सुमारे 2,800 जणांसाठी एकच अवाढव्य दालन, वर नऊ एकरांची बाग. छत मुद्दाम उघडेबोडके, कारण काम अजून पुरे झालेले नाही हे दाखवायचे होते. मालक झुकेरबर्ग यांचे टेबलही सर्वांमध्येच. भिंती नसल्या की माणसे बोलतील, असा हिशेब.

हा हिशेब नेहमी जुळत नाही. हार्वर्डमधील संशोधकांनी अन्य दोन मोठ्या कंपन्यांत मोजणी केली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : भिंती काढल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि संगणकावरचे निरोप वाढले. तेव्हा चार टेबलांचे कार्यालय थाटणाऱ्यांनी काच आणि रंगाआधी दार लागणारी एक खोली जरूर ठेवावी.