माती ते गादी: खाशाबांची वाट

यात्रेच्या दिवशी लवळ्यासारख्या मुळशीतल्या गावात ऊन कललं, की हलगी घुमू लागते आणि माणसं आखाड्याकडे वळतात. आधी लागतात रेवड्यांवरच्या कुस्त्या. लंगोट अजून नीट कसता न येणारी पोरं मातीत लोळतात आणि जिंकलेल्या रेवड्या मातीच्याच हातांनी खातात. मग इनाम वाढत जातं, पैलवान मोठे होत जातात. निकाल मात्र लहानथोरांना एकच: पाठ मातीला लागली, की कुस्ती संपली.

याच रिवाजात वाढलेल्या एका मल्लाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं. त्यासाठी त्याला मात्र निराळीच कुस्ती शिकावी लागली.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचं बाळकडू घरातच मिळालं. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झालं. अंगापिंडाने ते लहानखुरे होते, पण चपळाई अशी की समोरच्याने हात घालेपर्यंत हे मागे पोचलेले असायचे. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

मराठी मल्ल ऑलिंपिकला त्यांच्याही आधी गेले होते. १९२० साली सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांतून प्रेरणा घेऊन, भारताचा पहिला संघ अँटवर्पला गेला. त्यातले रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले आणि कांस्यपदक ब्रिटनच्या मल्लाकडे गेलं. हुकलेलं ते पदक मिळायला पुढची ३२ वर्षं जावी लागली.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे पहिल्यांदाच पायाखाली गादी आली. मातीत तेल, ताक, हळद मुरलेली असते. पाय रुततो, पवित्रा रोवून उभं राहता येतं. खडाखडीत वेळ गेला तरी कोणी घड्याळ दाखवत नाही. गादीवर तसं नाही. पाऊल वेगळं पडतं, वेळ ठरलेली असते आणि चीतपट झाली नाही, तर तेव्हा पंचांच्या निर्णयावर हारजीत ठरायची. अशा परक्या खेळात, ५२ किलोच्या गटात, खाशाबा सहावे आले. कुस्तीतल्या कोणाही भारतीयासाठी ही कामगिरी छोटी नव्हती, पण ते गप्प बसणारे नव्हते. गादीचे नियम पचवायचे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि पुढची चार वर्षं तयारीला घातली.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड झाली, पण पैसा नव्हता. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. शिष्यावर गुरूने टाकलेला याहून मोठा विश्वास मला ठाऊक नाही.

यावेळी गट ५७ किलोचा होता. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवलं. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव यांच्याकडून ते हरले. या दोन झुंजींमध्ये त्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही, असं आजही सांगितलं जातं. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. त्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये आणलं.

कराड स्टेशनावरून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या कमाईतून गुरूंचं घर सोडवायला हातभार लावला. पदकाइतकंच हे मोलाचं वाटतं.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे आणि त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो.

हेलसिंकीनंतर वर्षभरात, १९५३ मध्ये, राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. ती उभी करणारे मामासाहेब मोहोळ आमच्याच मुळशी तालुक्यातले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्याच नावाची. या स्पर्धेत आज दोन विभाग असतात, माती आणि गादी. दोन्हीकडचे विजेते किताबासाठी एकमेकांना भिडतात. खाशाबांना जो उंबरठा एकट्याने ओलांडावा लागला, तो आता स्पर्धेच्या रचनेतच आहे.

म्हणून आखाड्यात रेवड्या खाणाऱ्या पोराला वस्तादांनी मातीची ओढ जरूर लावावी, पण गादीची ओळखही लवकर करून द्यावी. आणि त्याला खर्डेकरांच्या घराची गोष्ट सांगावी. पैलवान एकटा लढतो; त्याला मैदानापर्यंत पोचवतं ते गाव.